धनुष्याच्या तालावर कथा : तामिळनाडूचे विल्लुपाट्टू

तामिळनाडूच्या दक्षिण भागात, कन्याकुमारी आणि तिरुनेलवेली परिसरात, ग्रामदेवतांच्या उत्सवांत विल्लुपाट्टू सादर होते. ‘विल्लु’ म्हणजे धनुष्य आणि ‘पाट्टू’ म्हणजे गीत. घुंगरे बांधलेले मोठे धनुष्य मातीच्या घटावर टेकवले जाते. मुख्य कथेकरी दोन काठ्यांनी त्याच्या दोरीवर ताल धरून गात-बोलत कथा सांगतो. साथीदार झीलकऱ्यांप्रमाणे होकार भरतात, शंका काढतात आणि मध्येच थट्टाही करतात. या सवाल-जबाबातूनच विनोद फुलतो आणि दीर्घ कथाही कंटाळवाणी होत नाही.

ही कला देवळाच्या प्रांगणातून शहरी रंगमंचावर व आकाशवाणीवर नेणाऱ्यांमध्ये सुब्बु आरुमुगम अग्रगण्य होते. १९२८ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यात जन्मलेल्या आरुमुगम यांनी एन. एस. कृष्णन आणि नागेश या अभिनेत्यांच्या चित्रपटांसाठी विनोदी लेखनही केले. पुराणकथांबरोबरच महात्मा गांधींचे चरित्रही त्यांनी धनुष्याच्या तालावर सांगितले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, चेन्नईत त्यांचे निधन झाले.

विल्लुपाट्टूची सारी भिस्त पाठांतर, समयसूचकता आणि समोरच्या श्रोत्यांच्या प्रतिसादावर असते. त्यामुळे केवळ ध्वनिमुद्रणे जपून ही कला टिकणार नाही. ज्येष्ठ कलावंताशेजारी बसून होकार भरता-भरताच नवा कथेकरी घडतो. आरुमुगम यांच्या कन्या भारती तिरुमगन यांनीही वडिलांना साथ करत हा वारसा आत्मसात केला.