अंगणातली बार्शी लाईट

'आगगाडी' हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहून घडवला. आग पोटात घेऊन धावणारी ती आगगाडी. पुढे डिझेल आले, वीज आली, आग दिसेनाशी झाली, तरी शब्द टिकला. आजच्या मुलांना मात्र तो कोड्यासारखा वाटतो. या गाडीत आग कुठे असते, असे एखाद्या चिमुरड्याने विचारले तर चित्र दाखवण्यापलीकडे आपल्या हाती फारसे काही उरलेले नाही.

माझ्यापुरते म्हणाल तर मी त्याला अंगणात घेऊन जातो. धाराशिव जिल्ह्यातल्या माकणीला, लोहारा तालुक्यात, आमच्या घरामागे रुळांचा एक लहानसा वेढा आहे. त्यावर हातभर लांबीचे एक इंजिन धावते. त्याच्या पोटात खरी आग असते, खरे पाणी उकळते आणि खरी वाफ दट्ट्या ढकलते. खेळण्यातल्या गाड्या बहुधा विजेवर चालतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ साली सुरू झालेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. तिथले चिमुकले गाव, सिग्नल आणि गाड्या पाहताना मोठी माणसेही लहान होतात. ती जादू विजेची आणि अचूक नियोजनाची. वाफेच्या इंजिनाचे तसे नाही. बटण दाबले की निघाले, असा कारभार तिथे नसतो. त्याला आधी जागे करावे लागते.

माकणीला रेल्वे कधीच आली नाही. तेरणा नदी आली आणि तिच्यावर निम्न तेरणा धरण झाले, पण रूळ आले नाहीत. तरीही या जिल्ह्याला रेल्वेचा इतिहास नाही असे कुणी म्हणू नये. येडशी, ढोकी या गावांवरून जाणारी बार्शी लाईट रेल्वे ही हिंदुस्थानातल्या अरुंद मार्गांमध्ये नावाजलेली रेल्वे. तिच्या दोन रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती आखली. १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये त्या वेळच्या निजामी मुलखातल्या लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. वारकरी, धान्याची पोती आणि कापसाच्या गाठी तिने वर्षानुवर्षे वाहिल्या. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली.

कॅलथ्रॉपचा विचार सोपा पण नेमका होता. रूळ हलके ठेवायचे, म्हणजे खर्च कमी येतो. हलक्या रुळांना सोसेल म्हणून इंजिन असो वा मालडबा, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग एका इंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटून टाकायचे. ही सामग्री इकडे पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे खास रूळ टाकून तिची चाचणी घेतली गेली. म्हणजे आमच्या बार्शी लाईटने आधी परदेशात चालून दाखवले आणि मग ती माहेरी आली, असे म्हणायला हरकत नाही.

माझ्या अंगणातल्या रुळांतले अंतर ४५ मिलिमीटर आहे. बागेतल्या रेल्वेसाठी हे माप जगभर चालते. ७६२ ला ४५ ने भागा, जवळपास १७ येतात. म्हणजे बार्शी लाईटचा सतरावा हिस्सा केला की ती बरोबर माझ्या रुळांवर बसते. साडेपाच फुटी ड्रायव्हर दहा सेंटिमीटरचा होतो. इथवर सगळे सुरळीत चालते. गंमत यापुढे आहे.

लांबी सतरापट कमी झाली की पृष्ठभाग १७ गुणिले १७, म्हणजे २८९ पटीने कमी होतो. आतली जागा मात्र ४,९१३ पटीने कमी होते. याचा अर्थ असा की पाण्याच्या मानाने बॉयलरची उघडी कातडी सतरापट वाढते आणि ऊब तितक्या झपाट्याने निसटते. मोठ्या पातेल्यातली आमटी तासभर गरम राहते आणि वाटीतली चार घासांत निवते, तसेच हे. लोखंड, पितळ, तांबे आपण हवे तितके लहान करू शकतो. पाणी लहान होत नाही. साध्या हवेच्या दाबाला ते शंभर अंशांनाच उकळते आणि वाफ झाल्यावर सोळाशे-सतराशे पट फुगते, मग बॉयलर कुर्डुवाडीचा असो की माझ्या अंगणातला.

म्हणूनच एवढ्या छोट्या बॉयलरमध्ये कोळसा पेटवून उपयोगाचे काम होईल, यावर पूर्वी अनेक जाणकारांचा विश्वास नव्हता. इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात यावरून नियतकालिकांच्या पानांवर जुंपली. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका कारागिराने स्वतः बनवलेले 'आयेशा' नावाचे इंजिन पुढे केले. त्याच्या रुळांतले अंतर जेमतेम अडीच इंच. त्या इंजिनाने कोळशावर चालून पाठीमागे बसलेल्या मोठ्या माणसाला ओढून दाखवले आणि वाद मिटला. चर्चेपेक्षा चालणारे इंजिन बरे, हा धडा त्या छंदाने तेव्हापासून गिरवला आहे.

माझे इंजिन कोळशावर नाही, डबीत मिळणाऱ्या ब्युटेन गॅसवर चालते. पण खरी परीक्षा इंजिनाआधी जमिनीने घेतली. आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट रूळ टाकले तर एका मोसमात त्यांची वळवळती गांडुळे होतात. म्हणून दीड-दोन फूट माती काढून मुरूम ठासला, त्यावर शहाबादी फरशी बसवली आणि मग रूळ. चढ शंभरात एकापेक्षा जास्त ठेवला नाही. इतक्या किंचित उताराची डोळ्याला जाणीव होत नाही, इंजिनाला होते. चढाला लागले की त्याचा श्वास जड होतो आणि उताराला सैल पडतो.

दुसरी परीक्षा पाण्याची. बोअरचे पाणी क्षारांचे. चहाच्या भांड्यात पांढरा थर धरणारे पाणी बॉयलरमध्ये घातले तर तोच थर आत बसतो आणि आगीची धग पाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, गाळून साठवतो. दुष्काळाशी जुनी सोयरीक असलेल्या मुलखात खेळण्यासाठी पाणी, असे कुणी नाक मुरडू नये. एका फेरीला ते चहाच्या दोन-तीन कपांएवढे लागते.

आता इंजिन जागे करण्याविषयी. आधी सांधेसांधे तेल द्यायचे. मग वाफेत मिसळणाऱ्या दाट तेलाची कुपी, आतले साचलेले पाणी पिचकारीने काढून, भरायची. मग बॉयलरमध्ये पाणी, शेवटी गॅस. धुराड्याच्या तोंडाशी ज्योत धरली की हलका 'भप्' आवाज होतो आणि ज्वाळा आत शिरते. पाच-सात मिनिटांत दाबाचा काटा हलू लागतो. चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या आसपास पोहोचला की इंजिन तयार. पण लगेच निघत नाही. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पुन्हा पाणी होते, ते आधी बाहेर पडावे लागते. इंजिन मागेपुढे करताना धुराड्यातून गरम थेंब उडतात. शेजारच्या एका पोराने ते पाहून विचारले होते, "काका, इंजिनाला घाम आला का?" याहून चांगले वर्णन मला अजून सुचलेले नाही. मग वीस-पंचवीस मिनिटे ते धावते, गॅस संपतो आणि थांबते.

गॅस पाण्याआधी संपला पाहिजे, हा या खेळाचा पहिला नियम. कोरडा बॉयलर तापत राहणे हीच खरी भीती. मोठ्या इंजिनात त्यासाठी शिशाची खीळ असे. पाणी उतरले की ती वितळे, वाफ आगीवर येई आणि सावध करी. छोट्या इंजिनात टाकीचे मापच तसे ठेवतात. आपल्या कायद्यात बॉयलर म्हणून जे मोजले जाते ते २५ लिटर क्षमतेपासून पुढे. आमची भांडी त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणूनच जबाबदारी वाढते. बॉयलर चालवण्याच्या दाबाच्या दुप्पट दाबाने थंड पाणी भरून तपासायचा, सुरक्षा झडप दर वेळी उडते की नाही ते पाहायचे, घरगुती सिलिंडरमधून गॅस कधीही भरायचा नाही आणि मुलांना हातभर लांब बसवायचे. यातले काहीही टाळता येत नाही.

एकदा पाहुण्यांबरोबर एक म्हातारबाबा आले होते. तरुणपणी त्यांनी अरुंद मार्गावरच्या इंजिनात कोळसा टाकला होता. मी कौतुकाने शिट्टी वाजवायला गेलो, तर ते म्हणाले, "आधी पाणी बघावं बाबा, शिट्टी मागनं." मग काचेजवळ डोळा नेऊन पाण्याची रेघ पाहिली, कान देऊन आगीचा आवाज ऐकला आणि समाधानाने मांडी घालून बसले. आग किती, पाणी किती, चढ केव्हा लागणार, ही सारी गणिते त्यांच्या डोळ्या-कानांत होती. ती कुठल्या वहीत नाहीत.

लातूर ते धाराशिव हा भाग २००७ मध्ये आणि धाराशिव ते कुर्डुवाडी २००८ मध्ये रुंद झाला. फार चांगले झाले. जुनी वाट ज्या जिल्ह्याच्या ठिकाणाला वळसा घालून जात होती, तिथे रेल्वे आली. प्रवाशाला वेळेवर पोहोचायचे असते, त्याने धुरासाठी हळहळत बसू नये. पण रूळ रुंद झाले तेव्हा त्या रुळांवरची विद्याही हळूहळू ओसरली. चौथऱ्यावर रंग देऊन उभे केलेले इंजिन देखणे दिसते. मात्र चढावर आग केव्हा वाढवावी, हे ते सांगत नाही. ते चालत्या इंजिनाजवळच कळते आणि चालवणाऱ्या माणसाकडूनच.

सगळ्यांनी अंगणात रूळ टाकावेत, असे मी म्हणणार नाही. हा छंद वेळखाऊ आहे, स्वस्त तर नाहीच. पण आपल्या जिल्ह्यात असे बाबा अजून आहेत. कुणी फायरमन होते, कुणी पॉइंट्समन, कुणी वर्कशॉपात फिटर. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा आणि पाणी कसे पाहायचे, एवढे विचारा. बाकीचे ते आपणहून सांगतील.