तिऱ्हाइताच्या हातातला विमा

मुरबाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात हॅम्बुर्गला जाणारी मालाची पेटी तयार आहे, असं समजा. समुद्र अजून दूर आहे, समोर दिसतात ते सह्याद्रीचे कडे. पण ट्रकवर चढवण्यासाठी ही पेटी गोदामात जागची हलली, की त्याच क्षणी तिचा सागरी विमा सुरू होऊ शकतो! जगभर वापरल्या जाणाऱ्या 2009 च्या ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’मध्ये हा क्षण इतका नेमका लिहून ठेवला आहे.

विम्याचं मूळ पॉलिसीपत्र मात्र मुरबाडच्याच कपाटात राहतं. नेहमी माल पाठवणारा कारखानदार एकच ‘ओपन पॉलिसी’ घेतो आणि तिच्या आधारे प्रत्येक खेपेला वेगळं विमा प्रमाणपत्र निघतं. त्याच्या मागच्या बाजूला कारखानदाराने सही केली, की भरपाई मागण्याचा हक्क खरेदीदाराकडे जातो. माल वाटेत खराब झाला, तर दावा करतो हॅम्बुर्गचा माणूस, ज्याने ती पॉलिसी कधी पाहिलेलीही नसते! लेटर ऑफ क्रेडिटवर पैसे देणाऱ्या बँकाही हा कागद बारकाईने तपासतात. ‘यूसीपी 600’ या नियमावलीनुसार, वेगळं काही ठरलं नसेल तर, विम्याची रक्कम भाडं आणि विमाखर्चासह मालाच्या किमतीच्या किमान 110 टक्के लागते.

आता ती पेटी नेणारा ट्रक पाहा. त्याच्या केबिनमधलं विमा प्रमाणपत्र मालकापेक्षा जास्त उपयोगी पडतं ते वाटेतल्या रायते पुलाजवळ रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाला. मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा केला. त्याही पुढे, चालकाचा परवाना सदोष असला तरी विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायालयं देऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्ण सिंग निकालाने ही वाट पक्की केली. ज्याने एक रुपयाचा हप्ता भरला नाही, त्याच्यासाठी हे वचन आहे.

तिसरा कागद सगळ्यात मोलाचा, तो ठेकेदाराच्या कामगारांच्या विम्याचा. शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या कामावर 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं आणि 20 जणांचा जीव गेला. त्यांतले बरेच जण परराज्यांतून पोटासाठी आलेले होते. मोठ्या कामांत मुख्य कंपनीखाली ठेकेदार आणि त्याच्याखाली उपठेकेदार अशी उतरंड असते. अपघात झाला तर भरपाई कोणाकडे मागायची? 1923 च्या कामगार भरपाई कायद्यानेच उत्तर दिलं होतं: ठेकेदाराच्या कामगाराची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडूनही मागता येते, त्याने ती मग ठेकेदाराकडून वसूल करावी. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवलं. म्हणूनच गेटच्या आत घेण्याआधी शहाणी कंपनी ठेकेदाराकडे विम्याचा कागद मागते.

पण ठेकेदाराने दाखवलेलं प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसी नव्हे. ते फक्त सांगतं, की अमुक तारखेला अमुक विमा अस्तित्वात होता. पॉलिसीत जे नाही, ते या कागदावर असून उपयोग नाही. 1938 च्या विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी तर बजावतं, की हप्ता आधी मिळाल्याशिवाय किंवा त्याची ठरलेली हमी असल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम घ्यायचीच नाही. हप्त्याचा चेक वटला नाही, तर सुबक छापलेला कागदही निरुपयोगी ठरू शकतो.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक लहान उद्योजकाला कळकळीने सांगावंसं वाटतं: हा कागद नुसता फाइलला लावू नका, वाचा. नाव त्याच ठेकेदाराचं आहे का? कामाचं ठिकाण, कामाचा प्रकार, कामगारांची संख्या जुळते का? मुदत काम संपेपर्यंत पुरते का? पॉलिसी क्रमांक थेट विमा कंपनीकडून पडताळून घ्या. या पाच मिनिटांच्या वाचनावर कोणा अनोळखी कुटुंबाचा पुढचा सगळा आधार अवलंबून असू शकतो.