बाळ काचेत, आई बाहेर

लेखमाला : पहिले अठ्ठावीस दिवस – लेखांक ६

पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असं महाराष्ट्रात घरोघरी मानतात. तिच्यासाठी पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा आणि बाळ-बाळंतिणीला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. पण बाळ जन्मल्याबरोबर अतिदक्षता विभागात गेलं असेल तर ही रात्र कशी जाते? आई पोटावरचे टाके सांभाळत वरच्या मजल्यावर, बाप दाराबाहेरच्या बाकावर, आजी गावी पाटा मांडून बसलेली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते ‘काचेत’.

मागच्या लेखांमध्ये बाळाचा श्वास, ऊब, कावीळ, जंतुसंसर्ग असं पाहून झालं. या आठवड्यात दाराबाहेरच्या माणसांकडे पाहायचं आहे. त्यांच्या श्रद्धेचा विषय रुग्णालयात बहुधा टाळला जातो किंवा नियमांच्या पाटीवर एका ओळीत उरकला जातो. ते बरोबर नाही. आई-बाप काय मानतात यावर ते काय करतील हे ठरतं, आणि ते काय करतात यावर बाळाचं पुष्कळ काही अवलंबून असतं.

पाचवीची भीती मुळात निराधार नव्हती. जन्मानंतरच्या अठ्ठावीस दिवसांत दगावणाऱ्या बाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बाळं पहिल्याच आठवड्यात जातात. नाळ विळ्यानं कापायची, तिच्यावर राख किंवा शेण लावायचं, अशा काळात बाळाला होणारा धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसू लागे. चांगलं दूध ओढणारं बाळ एकाएकी दूध तोडायचं, ताठ व्हायचं. मातांना लस, स्वच्छ हत्यारं आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळे हा आजार इतका मागे हटला, की २०१५मध्ये भारतानं त्याचं निर्मूलन केल्याचं जाहीर झालं. पूर्वीच्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते, पण धोक्याच्या रात्री कोणत्या हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री जागं राहायचं, हे त्यांनी देवीच्या नावानं ठरवून टाकलं.

दुसरी अडचण फार कमी लोक बोलून दाखवतात. मूल झालं की घराला सोयर लागतं. दहा दिवस देवपूजा बंद, देवळाची पायरी बंद. म्हणजे देवाची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवसांत त्याच्या दारी जायची सोय नसते. मग शेजारीण अंगारा आणून देते, मित्र नारळ ठेवून येतो, आई मनातल्या मनात नवस बोलते. नामस्मरणाला मात्र सोयर आड येत नाही, आणि अनेक आया दूध काढताना तेवढं एक करतात. विभागातल्या परिचारिकेनं याच वेळी विचारलं, ‘ताई, काही म्हणायचंय का बाळापाशी? हात धुऊन आत या’, तर त्या बाईला केवढा आधार मिळतो हे वेगळं सांगायला नको. मुस्लिम घरातल्या बापाला बाळाच्या कानात अजान द्यायची असते. कॅथलिक कुटुंबाला बाप्तिस्म्याची घाई असते, आणि जीव धोक्यात असेल तर धर्मगुरूची वाट न पाहता कोणीही तो देऊ शकतं, अशी चर्चनंच मुभा दिली आहे. हळू आवाजातली अजान किंवा कपाळावर निर्जंतुक पाण्याचे दोन थेंब एवढ्यानं कोणत्याही उपचारात व्यत्यय येत नाही.

व्यत्यय कशानं येतो, तेही स्पष्ट सांगायला हवं. अंगाऱ्याची पुडी बाळाच्या काचेच्या पेटीत ठेवली तर धूळ आणि जंतू आत जातात. मनगटावरचा काळा दोरा सुईच्या आणि तपासणीच्या आड येतो, शिवाय हात सुजला तर रुततो. प्राणवायू सुरू असलेल्या खोलीत निरांजन म्हणजे आगीला निमंत्रण. मध चाटवणं, घुटी देणं, तीर्थाचा थेंब जिभेवर ठेवणं हे कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना झेपत नाही, आणि मधातून तर बोटुलिझमसारखा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. हा अंगारा आईच्या कपाळी लागू दे, दोरा तिच्या हातात राहू दे. नुसतं ‘इथे चालणार नाही’ म्हणून हात झटकण्यापेक्षा हा मार्ग दाखवला, तर पुडी पदराखाली लपवून आत नेण्याची वेळ कोणावर येत नाही.

श्रद्धेचा खरा जाच दुसरीकडे असतो. ग्रहणात बाहेर पडलीस का, विळी हाती धरलीस का, डोहाळजेवणाला कुणाची नजर लागली का, असे प्रश्न बाळंतिणीच्या खाटेभोवती फिरू लागतात. बाळ वेळेआधी का जन्मतं? आईचा वाढलेला रक्तदाब, संसर्ग, जुळी गर्भधारणा, गर्भपिशवीच्या तोंडाचा कमकुवतपणा ही काही कारणं. बऱ्याच वेळा नेमकं कारण सापडतच नाही. ग्रहणाचा त्यात काही संबंध नाही. हे डॉक्टरांनी आईला एकटीला सांगून भागत नाही. सासूबाई, नणंद, नवरा सगळे समोर असताना, मोठ्यानं सांगावं लागतं.

‘आता सगळं देवाच्या हातात’ हे वाक्यही डॉक्टरांनी जपून वापरावं. आई-बापाच्या तोंडी ते धीराचं असतं. डॉक्टरांच्या तोंडून आलं की त्याचा अर्थ एकच निघतो : उपचार थांबले. बाळाला श्वासाचं यंत्र किती लागतंय, संसर्गाचा अहवाल कधी येणार, पुढचे दोन दिवस कशावर लक्ष ठेवायचं, एवढं साध्या मराठीत कळलं तर आई-बाप प्रार्थनाही करतात आणि प्रश्नही विचारतात.

सत्ता, पैसा, श्रद्धा आणि देशातले उत्तम डॉक्टर हे सगळं हाताशी असूनही विज्ञान तोकडं पडलं, असंही घडलेलं आहे. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन सुमारे २.१ किलो. मॅसॅच्युसेट्समधल्या हवाई दलाच्या तळावरच्या रुग्णालयात त्याचा लगेच बाप्तिस्मा झाला आणि त्याला बोस्टनला हलवलं गेलं. फुप्फुसं उघडी राहत नव्हती. उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवण्याचा प्रयोगही झाला. अवघ्या ३९ तासांत बाळ गेलं. बाळंतपणातून न सावरलेली आई जॅकलीन अंत्यविधीच्या प्रार्थनेला जाऊ शकली नाही.

फुप्फुसातल्या वायुकोशांना मिटू न देणारा सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ या बाळांमध्ये कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९मध्येच दाखवलं होतं. पण तो बाहेरून देता येईपर्यंत १९८० उजाडलं. जपानच्या फुजिवारा यांनी दहा बाळांना तो दिला आणि त्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालं. आज पॅट्रिकइतक्या वजनाची बाळं आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांतूनही बरी होऊन घरी जातात.

या सगळ्या काळात आईनं बाहेर बसून फक्त वाट पाहायची, हा समज मोडला तो कोलंबियात. १९७८मध्ये बोगोटात पेट्या अपुऱ्या, एका पेटीत दोन-दोन बाळं, संसर्गाचा कहर. डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू’ पद्धत. भारतासह पाच देशांतल्या तीन हजारांहून अधिक कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच छातीशी घेतलं, तर मृत्यू सुमारे पाव भागानं घटतात, असं त्यात दिसलं. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयानं तर त्यासाठी आयांच्या खाटा अतिदक्षता विभागातच टाकल्या. काचेबाहेर हात जोडून उभी असलेली बाई आता उपचाराचाच भाग झाली.

दुधाचंही तसंच. दर दोन-तीन तासांनी काढलेलं आईचं दूध आतड्यांच्या जीवघेण्या दाहापासून बाळाला वाचवतं. ज्या आईला दूध येत नाही तिच्यासाठी मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. ‘परक्या बाईचं दूध कसं चालेल’ ही शंका तिथेही येते. इस्लाममध्ये एकाच स्त्रीचं दूध प्यालेली मुलं भावंडं ठरतात, त्यामुळे काही कुटुंबांना दात्री कोण हे जाणून घ्यायचं असतं. ही शंका अडाणीपणाची नाही, आणि तिचं उत्तर शांतपणे द्यायला हवं.

मग राहतो नवस. ‘बाळाच्या वजनाइतके पेढे वाटीन’ म्हणणाऱ्या आईला तेच वजन रोज ग्रॅममध्ये ऐकावं लागतं, आणि पहिल्या आठवड्यात ते घटतं. शरीरातलं जादा पाणी निघून जातं म्हणून. पूर्ण दिवसांच्या बाळाचं वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं, कमी दिवसांच्याचं त्याहून थोडं जास्त, आणि ते भरून यायला दोन आठवडे लागू शकतात. कोणी आधी सांगितलं नसेल तर आईला वाटतं, देवानं नवस स्वीकारला नाही.

घरी सोडल्यावर पहिली धाव कुलदैवताकडे असते. पण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपर्यंत वजन असलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. अगदीच अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा त्याहूनही आधी. पडद्यावर वाढलेल्या चुकीच्या रक्तवाहिन्या वेळीच लेझरनं थांबवल्या नाहीत, तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. जावळ पहिल्या वर्षी काढता येतं, तिसऱ्या वर्षीही. ही तपासणी त्याच महिन्यात व्हायला हवी, आणि तिची तारीख घरी सोडतानाच्या कागदावर लिहिलेली असते.

(पुढील लेखांकात : घरी गेल्यानंतरचे पहिले दिवस आणि धोक्याची लक्षणं)