कानात वाजू दे, स्पीकर नको

बिघडलेला इअरफोन बहुतेक घरांत टेबलाच्या खणात पडून असतो. त्याची वायर कापून उरलेली नुसती पिन लॅपटॉपच्या जॅकमध्ये खोचली, की लॅपटॉप तत्काळ गप्प होतो. सेटिंगला हात लावावा लागत नाही. हेडफोन लागला असं समजून लॅपटॉप सगळा आवाज त्या बिनवायरीच्या पिनेकडे पाठवून मोकळा होतो. अभ्यासिकेत बसणारे, रात्रीच्या गाडीत सिनेमा पाहणारे, शेजारी बाळ झोपलेलं असताना काम उरकणारे असे बरेच लोक ही युक्ती वापरतात. गोम एवढीच, की खरा हेडफोन लावायची वेळ आली की त्याची जागा आधीच अडलेली असते.

खरी मागणी याहून वेगळी आहे. हेडफोन लावला तर वाजावा, काढला तर लॅपटॉपने चकार शब्द काढू नये. ऐकायला सोपं वाटतं, पण कीबोर्डवरचं म्यूटचं बटण या कामाला पुरत नाही. जे या क्षणी वाजतंय तेवढंच ते बंद करतं. हेडफोन कानात असताना दाबलं तर हेडफोन बंद. पुढे बॅगेच्या पट्ट्यात वायर अडकून पिन निसटली, की अख्ख्या अभ्यासिकेला राज्यशास्त्राचं लेक्चर फुकट ऐकायला मिळतं.

पिन आत गेल्याचं यंत्राला कळतं कसं, याची गोष्ट जुनी आहे. हेडफोनची पिन मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधली. एकोणिसाव्या शतकात ऑपरेटर ज्या जाड, पाव इंची पिना फळ्यावर खोचून दोन ग्राहकांचं बोलणं जोडून देत, त्यांचीच आजची ३.५ मिलिमीटरची पिन ही धाकटी आवृत्ती. ट्रान्झिस्टर रेडिओच्या जॅकमध्ये पितळेची लवचिक पत्ती असे. पिन नसताना ती एका टोकाला टेकलेली, आणि स्पीकरचा करंट तिच्यातूनच जाई. पिन आत सरकली की पत्ती उचलली जाई, स्पीकरचा रस्ता तिथेच तुटे. निर्णय घेणारी वस्तू म्हणजे ती पत्ती, दुसरं कोणी नाही. सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन काढला तेव्हा हा प्रश्नच निकालात काढला होता. त्याला स्पीकरच नव्हता, उलट हेडफोनचे दोन जॅक होते, दोघांनी मिळून ऐकायला.

लॅपटॉपमध्ये पत्ती अजूनही आहे, फक्त तिचा अधिकार गेला. आता तिच्यातून आवाज वाहत नाही. ती फक्त वर्दी देते. इंटेलने २००४ साली ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ नावाची पद्धत ठरवून दिली, आणि पीसीच्या जगात तीच रुळली. तिच्यातली एक खुबी पाहण्यासारखी आहे. साउंडच्या चिपला प्रत्येक जॅकसाठी वेगळी तार न देता, सगळ्या जॅकच्या पत्त्या एकाच तारेवर आणल्या, आणि प्रत्येकीच्या वाटेत वेगळा रेझिस्टर ठेवला: ५.१, १०, २० आणि ३९.२ किलोओहम. प्रत्येक आकडा आधीच्याच्या जवळजवळ दुप्पट. वाण्याच्या तराजूत एक, दोन, चार आणि आठ किलोची वजनं असली, तर नुसत्या बेरजेवरून पारड्यात कुठकुठली वजनं आहेत ते सांगता येतं. चिपही तसंच एकूण रोध मोजून कुठल्या जॅकमध्ये पिन आहे आणि कुठल्यात नाही ते ओळखते. मग ती ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळवते, आणि स्पीकर बंद करायचा की नाही ते ड्रायव्हर ठरवतो. काही लॅपटॉपमध्ये तो स्पीकरच्या अॅम्प्लिफायरची वीजच तोडतो.

निर्णय सॉफ्टवेअरकडे गेला, तशा सॉफ्टवेअरच्या भानगडीही आल्या. नवा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकलं आणि हेडफोन लावूनही स्पीकर वाजतच राहिले, हा अनुभव लिनक्सवाल्यांना नवा नाही. कारण उघड आहे. कंपनीने कुठली तार कुठे जोडली, हे ड्रायव्हरला नेहमी बरोबर कळतंच असं नाही. म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये रिअलटेक कंपनीच्या साउंड चिपांसाठी हजारो ओळींचा मजकूर साठला आहे, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे अमुक मॉडेलला अमुक दुरुस्ती, अशी यादी.

अॅपलच्या जुन्या मॅकबुकांचा किस्सा याहून गमतीचा. त्यांच्या हेडफोनच्या भोकातूनच प्रकाशकिरणाने डिजिटल आवाज बाहेर काढायची सोय होती. आतला बारीक स्विच कचरा जाऊन अडकला, की मॅकला डिजिटल केबल लावल्याचा भास होई. स्पीकर मुके, आणि रिकाम्या भोकातून लाल उजेड. लोक टूथपिक घालून तो स्विच सोडवत.

आता उपाय. बहुतेक यंत्रणा स्पीकरचा आणि हेडफोनचा आवाज वेगवेगळा लक्षात ठेवतात, आणि नव्वद टक्के काम या एका सवयीवर भागतं. हेडफोन काढायचा, स्पीकर वाजत असताना म्यूट करायचा, मग हेडफोन लावून त्याचा आवाज हवा तेवढा ठेवायचा. पुन्हा हेडफोन काढला की स्पीकर म्यूटच सापडायला हवा. मॅकवर हे बिनबोभाट चालतं. लिनक्सच्या आजच्या डेस्कटॉपांवरही सहसा चालतं. विंडोजवर मात्र ड्रायव्हरवर अवलंबून. काही लॅपटॉपांत स्पीकर आणि हेडफोन ही दोन स्वतंत्र उपकरणं दिसतात. तिथे साउंडच्या यादीत जाऊन स्पीकर सरळ ‘डिसेबल’ करता येतो, आणि विषय संपतो. काहींत दोन्ही मिळून एकच उपकरण असतं. तिथे डिसेबल केलं तर हेडफोनही जातो. महत्त्वाच्या जागी बसण्याआधी घरीच एकदा पिन काढून पाहावी, हे बरं.

लिनक्सवाल्यांना टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ नावाचा एक आडदांड पण प्रामाणिक पडदा मिळतो. त्यात उभ्या पट्ट्या दिसतात: मास्टर, हेडफोन, स्पीकर. बाणाच्या बटणाने स्पीकरवर जायचं आणि ‘एम’ दाबायचं. पट्टीखालच्या दोन शून्यांच्या जागी दोन ‘एम’ उमटले की स्पीकर बंद, हेडफोनला धक्का नाही. त्याच ओळीत बऱ्याचदा ‘ऑटो-म्यूट मोड’ असा खाना असतो. पिन लागली की स्पीकर आपोआप गप्प करायची किल्ली ती. पण डेस्कटॉपची आवाज-यंत्रणा पिन काढल्यावर स्वतःची आठवण वापरून स्पीकर पुन्हा उघडू शकते. म्हणून दोन्ही ठिकाणी म्यूट केलेलं चांगलं.

ब्लूटूथ आल्यावर पत्ती आणि रेझिस्टर दोन्ही बाजूला पडले. पिन निसटत नाही, पण हेडफोनची बॅटरी संपते, आणि तेही वाक्याच्या मध्येच. इथे मोबाइल बनवणारे शहाणे ठरले. वायर निघाली किंवा ब्लूटूथ तुटलं की अँड्रॉइड सगळ्या अॅपना इशारा देतं, की आवाज आता बाहेर फुटणार आहे, थांबा. नीट लिहिलेलं अॅप लगेच पॉझ होतं. हेडफोन काढला म्हणजे माणसाला मोठ्याने ऐकायचं असेल, असं मोबाइलने गृहीत धरलं नाही. लॅपटॉपने वर्षानुवर्षं तेच गृहीत धरलंय. खरं तर घराबाहेर लॅपटॉप उघडणाऱ्यांत स्पीकरवर ऐकायचं असणारे थोडेच असतील. आजूबाजूच्यांना तर तो आवाज मुळीच नको असतो: मुंबईत बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये मोबाइलवर मोठ्याने गाणी-व्हिडिओ लावायला बंदी केली, ती काही उगाच नव्हे.

व्हिडिओ कॉलची अॅप हा आणखी एक छुपा रस्ता. टीम्स आणि झूम या दोन्हींत रिंग दुसऱ्या उपकरणावर वाजवायची वेगळी सोय आहे. कुणी कधीतरी तिथे स्पीकर निवडून ठेवला असेल, तर हेडफोन कानात असूनही रिंग सगळ्यांना ऐकू जाते.

ड्रायव्हर ऐकतच नसेल तर यूएसबीचा हेडफोन किंवा छोटा यूएसबी अॅडॉप्टर घ्यावा. त्यात स्वतःची साउंड चिप असते, त्यामुळे कॉम्प्युटरला तो साफ वेगळा दिसतो. मग लॅपटॉपची आतली साउंड खुशाल डिसेबल करावी. अॅडॉप्टर काढला तर आवाजाला जायला जागाच उरत नाही.

आणि अगदीच हट्टी माणसांसाठी स्क्रूड्रायव्हर. मागचं झाकण उघडून आधी बॅटरीची जोडणी काढायची. मग दोन्ही कोपऱ्यांतल्या स्पीकरांपासून निघालेल्या बारीक वायरी मदरबोर्डवर जिथे शिरतात, ते कनेक्टर हलकेच वर उचलायचे. हेडफोनचा रस्ता वेगळा असल्याने तो चालू राहतो. वॉरंटीत असलेल्या मशीनवर हे करू नये. आणि पुढे लॅपटॉप विकायला काढताना त्या वायरी परत जोडायच्या लक्षात ठेवाव्यात, नाहीतर गिऱ्हाईक स्पीकर गेलेत म्हणून भाव पाडून मागतं.