बचाव सहायक : सहकाऱ्यासाठी उभा राहणारा सहकारी

विभागीय चौकशीची खोली न्यायालयासारखी दिसत नाही. कार्यालयातलेच एक टेबल, त्यावर फायलींचा गठ्ठा, टंकलेखनासाठी बसलेला एक कर्मचारी. मध्ये चौकशी अधिकारी, एका बाजूला प्रशासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, दुसऱ्या बाजूला ज्याच्यावर आरोप ठेवले आहेत तो ‘अपचारी’ कर्मचारी. पण या टेबलाशी जे नोंदले जाते त्यावर माणसाची नोकरी, त्याचे निवृत्तिवेतन आणि घरादाराची इभ्रत ठरते. अशा वेळी त्या कर्मचाऱ्याच्या शेजारी बसून त्याची बाजू लढवणाऱ्या माणसाला बचाव सहायक म्हणतात. तो वकील नसतो. तो कुठल्याशा विभागातला लेखापाल, फोरमन किंवा अधीक्षक असतो, नाहीतर निवृत्त कर्मचारी असतो. पुण्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या या कामाविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. ते लिहिले जायला हवे.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचे १९६५ चे वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियम हा या कामाचा पाया आहे. मोठ्या शिक्षेच्या चौकशीची रीत त्यातल्या नियम १४ मध्ये आहे. आपली बाजू मांडायला दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची किंवा निवृत्त कर्मचाऱ्याची मदत घेण्याचा हक्क हाच नियम देतो. सेवेतल्या ज्या कर्मचाऱ्याच्या हाती आधीच तीन प्रकरणे आहेत, त्याला चौथे घेता येत नाही. सादरकर्ता अधिकारी स्वतः वकील असेल किंवा शिस्तभंग प्राधिकाऱ्याने परवानगी दिली असेल, तरच कर्मचाऱ्याला वकील मिळतो. रेल्वेचे १९६८ चे नियम वेगळे आहेत. तिथे मान्यताप्राप्त संघटनेचा पदाधिकारीही मदतीला उभा राहू शकतो. म्हणून पुणे विभागात ‘एसएफ-५’ म्हणजे मोठ्या शिक्षेचे आरोपपत्र हाती पडले, की कर्मचारी आधी युनियनच्या कार्यालयाची पायरी चढतो.

पुण्यात या नियमांना वेगळेच वजन आहे. खडकीची अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची, तिथलीच हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी १९४० ची, देहूरोडची ऑर्डनन्स फॅक्टरी १९८४ ची. त्याशिवाय दक्षिण कमांडची कार्यालये आहेत, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा आहेत. सरकारी नोकराला बडतर्फीपासून संरक्षण देणारे संविधानाचे कलम ३११ सर्वांना माहीत असते. मात्र संरक्षण खात्याच्या निधीतून पगार घेणाऱ्या नागरी कर्मचाऱ्यांना ते कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये सांगितले. म्हणजे खडकीच्या कामगाराच्या पाठीशी संविधानाचे ते कलम उभे नाही. त्याच्यासाठी १९६५ चे नियम हीच मुख्य ढाल आहे, आणि ती कशी धरायची हे बचाव सहायकाला ठाऊक असते.

त्याच्या कामाची सुरुवात दोषारोपपत्र वाचण्यापासून होते. त्याला चार जोडपत्रे असतात. पहिल्यात आरोप, दुसऱ्यात त्या आरोपांचा तपशील, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची. जाणता सहायक ती शेवटून वाचायला घेतो. कोणता साक्षीदार कोणता कागद सिद्ध करणार, आणि तो कागद कोणत्या आरोपाला आधार देणार, याचा तक्ता तो मांडतो. ज्या आरोपामागे कागदही नाही आणि साक्षीदारही नाही, तो लगेच उघडा पडतो. ‘सरकारी नोकराला न शोभणारे वर्तन’ असे मोघम शब्द दिसले, की तो तारीख, वेळ, जागा आणि नेमके कृत्य विचारतो.

मग मूळ कागदांची तपासणी येते. यादीत नसलेला पण बचावाला लागणारा कागद मागायचा असेल, तर तो प्रकरणाशी कसा संबंधित आहे हे लिहून द्यावे लागते. हजेरीपत्रक, गेटवरची नोंदवही, भांडारातली आवक-जावक यांतली एखादी ओळ सगळे चित्र पालटू शकते. साक्षीदारांनी प्राथमिक चौकशीत दिलेले जबाबही वेळेवर हाती यावे लागतात, कारण आधीचा जबाब आणि आताची साक्ष यांतली तफावत दाखवणे हाच उलटतपासणीचा गाभा असतो. प्रश्न थोडे आणि नेमके हवेत. उत्तर काय येईल याचा अंदाज नसताना विचारलेला प्रश्न आपल्याच माणसावर उलटू शकतो.

या सगळ्यात दिसायला किरकोळ वाटणारे पण सर्वांत मोलाचे काम म्हणजे दैनंदिन कामकाजाच्या नोंदी. कागद मागितला आणि नाकारला, साक्षीदार बोलावला नाही, प्रश्न विचारू दिला नाही, तर त्याच दिवशी ते नोंदवून घ्यावे लागते. कर्मचाऱ्याने स्वतःची साक्ष दिली नसेल, तर त्याच्या विरोधात गेलेल्या पुराव्याबद्दल चौकशी अधिकाऱ्याने त्याला विचारलेच पाहिजे, असा नियम आहे. सहायक या टप्प्यावर डोळ्यांत तेल घालून बसतो. रागाने टेबल आपटणाऱ्यापेक्षा शांतपणे एक ओळ नोंदवून घेणारा सहायक कर्मचाऱ्याच्या जास्त उपयोगी पडतो.

याचे कारण अपिलात आहे. शिक्षेचा आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करावे लागते. ते स्वतःच्या नावाने, परिपूर्ण आणि संयत भाषेत असावे लागते. नियम २७ प्रमाणे अपील प्राधिकाऱ्याला तीन प्रश्न तपासावे लागतात. कार्यपद्धती पाळली गेली का, आणि नसेल तर त्यातून अन्याय झाला का? निष्कर्षांना नोंदीवरच्या पुराव्याचा आधार आहे का? शिक्षा योग्य, अपुरी की कठोर आहे? चांगल्या अपिलाची मांडणी या तीन प्रश्नांच्या क्रमानेच होते. अपिलात शिक्षा वाढूही शकते, हे सहायक कर्मचाऱ्याला आधीच स्पष्ट सांगतो. अपील फेटाळायचे असेल तर कारणे द्यावीच लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या खटल्यात बजावले आहे.

पुढचा दरवाजा न्यायाधिकरणाचा. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण १ नोव्हेंबर १९८५ पासून सुरू झाले, महाराष्ट्राचे १९९१ मध्ये. दोन्हीकडे पुणेकराला मुंबईच्या पीठासमोर जावे लागते. खात्यातले अपिलाचे मार्ग संपल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज घेत नाही. अपील करून सहा महिने उलटले आणि निर्णय आला नाही, तर मात्र जाता येते. तिथेही पुरावा नव्याने तोलला जात नाही, हे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले आहे. न्यायाधिकरण पाहते ते निर्णय कसा घेतला गेला ते. म्हणूनच मी म्हणतो, की अपील लिहिले जाते ते चौकशीच्या पहिल्या दिवसापासून. त्या खोलीत जे नोंदले गेले नाही, ते पुढे कितीही नामांकित वकील लावला तरी फारसे उभे राहत नाही.

या हक्कांच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाने एका चौकशीत आपल्या बाजूने कायदा जाणणारे अधिकारी उभे केले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. ही लढत बरोबरीची नाही आणि यात नैसर्गिक न्यायाचा भंग होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटले. दुसरा खटला त्याहून बोचरा आहे. निलंबित कर्मचारी फौजदारी खटल्यात दोषी ठरला आणि त्याचे अपील प्रलंबित असले, तर त्याला महिन्याला नाममात्र १ रुपया निर्वाह भत्ता देण्याची तरतूद आपल्या राज्याच्या सेवा नियमांत होती. १९८३ मध्ये ती घटनाबाह्य ठरली. ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो आपला बचाव करणार कसा, हा साधा प्रश्न त्यामागे आहे. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी कर्मचाऱ्याला दिलीच पाहिजे, हा हक्क १९९३ च्या ईसीआयएल खटल्याने पक्का केला.

पुण्यात अशी दाद मागण्याची आणखीही ठिकाणे आहेत. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांची अपिले विभागीय आयुक्तांकडे येतात. खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिले आहे. बडतर्फीविरुद्ध तिथे ३० दिवसांत अपील करावे लागते. या कायद्याखालच्या नियमांत एक सुंदर तरतूद आहे. शिक्षकाची चौकशी करणाऱ्या तिघांच्या समितीत एक सदस्य संस्थेचा, एक खुद्द त्या शिक्षकाने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधून निवडलेला असतो. इथे शिक्षकाचा माणूस निवाडा करणाऱ्यांच्याच रांगेत बसतो.

जगाच्या पाठीवर कर्मचाऱ्याला संस्थेच्या आतच दाद देण्याची गरज आंतरराष्ट्रीय संघटनांनाही भासली. संयुक्त राष्ट्रांना देशोदेशीच्या न्यायालयांपासून संरक्षण आहे. भारताने त्यासाठी १९४७ मध्येच कायदा केला. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेविरुद्ध तिथल्या कर्मचाऱ्याला रिट याचिका करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. बाहेरचे दार असे बंद असले, की आतली दाद हाच आधार उरतो. राष्ट्रसंघाने १९२७ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी न्यायाधिकरण स्थापले. ते पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे आले, आणि आज जागतिक आरोग्य संघटनेचे कर्मचारीही तिथेच जातात. संयुक्त राष्ट्रांचे प्रशासकीय न्यायाधिकरण १९४९ चे. मद्रासचे कामगार-कायद्याचे वकील आणि पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले आर. वेंकटरामन १९५५ पासून त्याचे सदस्य होते आणि १९६८ ते १९७९ या काळात अध्यक्ष.

तिथेही कर्मचाऱ्यांची बाजू दीर्घकाळ प्रामुख्याने सहकारीच स्वयंसेवक म्हणून मांडत होते. २००६ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ही सगळी व्यवस्था कालबाह्य झाल्याचे परखडपणे सांगितले. १ जुलै २००९ पासून नवी दोन स्तरांची न्यायाधिकरणे आली, आणि त्यांच्याबरोबर कर्मचाऱ्यांना विनामूल्य सल्ला देणारे पूर्णवेळ वकिलांचे कार्यालय आले. आता तिथला कर्मचारी आधी ६० दिवसांत निर्णयाचा फेरविचार मागतो, आणि मग न्यायाधिकरणाकडे जातो. त्या कार्यालयाला कर्मचारी स्वेच्छेने आपल्या पगारातला छोटा हिस्साही देतात.

आपल्याकडे चौकशी अधिकाऱ्यांसाठी आणि सादरकर्त्यांसाठी प्रशिक्षणवर्ग होतात. बचाव सहायक मात्र बहुतेक वेळा एखाद्या ज्येष्ठ युनियन कार्यकर्त्याच्या हाताखाली, जुन्या निकालांच्या झेरॉक्स वाचत, आपापला घडतो. त्याची चिकाटी आदरणीय आहे, पण ज्या कर्मचाऱ्याला असा माणूस भेटत नाही त्याचे काय? त्याच्या हक्काचा दर्जा नशिबावर सोडता येत नाही. आपल्याकडचे सहकाऱ्याने सहकाऱ्याला साथ देण्याचे तत्त्व मोडण्याची गरज नाही, कारण कारखान्याचे काम आतून जाणणारा माणूस कोणत्याही वकिलापेक्षा योग्य प्रश्न विचारू शकतो. गरज आहे ती त्याला हात देण्याची. बचाव सहायकांसाठी सरकारी प्रशिक्षण असावे, प्रत्येक मोठ्या आस्थापनेत त्यांची यादी असावी, तयारीसाठी कामाचे तास मिळावेत, आणि ही बाजू घेतल्याचा राग त्यांच्या बढतीवर निघणार नाही याची लेखी हमी असावी. त्याने प्रशासनाचेही भलेच होईल, कारण नीट लढवलेल्या चौकशीतून आलेली शिक्षा न्यायाधिकरणातही टिकते. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, पण आधी त्याचे म्हणणे कायदा जाणणाऱ्या माणसाच्या मदतीने पूर्ण ऐकले जावे. खडकीच्या कामगारालाही हे संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या अधिकाऱ्याइतकेच मिळाले पाहिजे.