अवकाशीय विदा विश्लेषणाचे अध्यापन

अवकाशीय विदा विश्लेषण म्हणजे पृथ्वीवर ज्या माहितीचे स्थान निश्चित आहे, त्या माहितीतील अंतर, शेजार, दिशा आणि विखुरणी यांचा गणिताच्या व संख्याशास्त्राच्या आधारे घेतलेला शोध होय. हे काम आज प्रामुख्याने भौगोलिक माहिती प्रणालीच्या, म्हणजेच जीआयएसच्या साहाय्याने केले जाते. या विषयाचे प्राथमिक शिक्षण नकाशा उघडणे, स्तर एकमेकांवर ठेवणे आणि रंग देणे इथपर्यंत असते. प्रगत अध्यापनात त्यापुढील प्रश्न येतात : नकाशात दिसणारी रचना खरी की योगायोगाची, मोजमापाचा एकक बदलला तर निष्कर्ष टिकतो का, आणि जे नकाशात नाही त्याचा हिशेब कसा धरायचा. या लेखात महाराष्ट्रातील अध्यापनाचा आढावा असून, उदाहरणांसाठी ठाणे जिल्ह्यातील कल्याण तालुक्यातील खडवली व आसपासचा परिसर घेतला आहे.

संज्ञा

‘अवकाशीय’ हा शब्द मराठीत रूढ झाला असला, तरी नवख्या विद्यार्थ्याला त्यातून अंतराळाचा बोध होतो. येथे ‘अवकाश’ म्हणजे जागा, स्थळ. काही लेखक ‘स्थलीय’ असा पर्याय वापरतात आणि तो अधिक सुबोध आहे. मात्र पाठ्यक्रमांत पहिला शब्दच अधिक आढळतो. बिंदू, रेषा व बहुभुज या रूपांत साठवलेल्या विदेस सदिश विदा म्हणतात, तर चौकटींच्या जाळीत साठवलेल्या विदेस रास्टर विदा म्हणतात. ज्ञात स्थानांवरील मोजमापांवरून मधल्या अज्ञात स्थानांची किंमत काढण्याच्या क्रियेस अंतर्वेशन ही संज्ञा आहे.

पार्श्वभूमी

१८५४ मध्ये लंडनमधील पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले. हे उदाहरण जगभरातील वर्गांत पहिल्या तासाला सांगितले जाते. संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीचा आरंभ १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने झाला. १९७० मध्ये वाल्डो टॉब्लर यांनी या विषयाचा पायाभूत नियम मांडला : प्रत्येक गोष्टीचा प्रत्येक गोष्टीशी संबंध असतो, परंतु जवळच्या गोष्टींचा संबंध दूरच्यांपेक्षा अधिक असतो. या शेजारधर्माचे माप म्हणजे अवकाशीय स्वसहसंबंध. त्यासाठी पी. ए. पी. मोरन यांनी १९५० मध्ये सुचवलेला निर्देशांक आजही शिकवला जातो. ल्यूक अन्सेलिन यांनी १९९५ मध्ये त्याचे स्थानिक रूप मांडले. त्यामुळे एकूण प्रदेशासाठी एकच आकडा देण्याऐवजी नेमके कोणते गाव किंवा प्रभाग शेजाऱ्यांसारखा वा त्यांहून वेगळा आहे, हे सांगता येऊ लागले.

महाराष्ट्रातील अध्यापन

राज्यात या विषयाची पायाभरणी सुदूर संवेदनाच्या अंगाने झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७६ मध्ये संसाधन अभियांत्रिकी अध्ययन केंद्र सुरू झाले. ‘ग्रॅम प्लस प्लस’ ही भारतीय बनावटीची जीआयएस आज्ञावली याच केंद्रात तयार झाली. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून कार्यरत आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात आणि सिंबायोसिस भूमाहितीशास्त्र संस्थेत पदव्युत्तर शिक्षण मिळते. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचा दूरशिक्षण कार्यक्रम २००७ पासून चालू असून, त्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांपर्यंत हा विषय नेला.

अध्यापनाच्या दृष्टीने दोन बदल निर्णायक ठरले. पहिला बदल मुक्त आज्ञावलींचा. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ‘क्यूजीआयएस’ विनामूल्य असल्याने महागड्या परवान्यावाचून प्रयोगशाळा चालवणे शक्य झाले. दुसरा बदल विदेच्या उपलब्धतेचा. एकेकाळी भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे मिळवणे हीच विद्यार्थ्यापुढची मोठी अडचण असे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी नकाशामाला आणली, २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ सुरू झाले आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुतेक पूर्वपरवानग्यांची अट काढून टाकली. आता वर्गात विदेचा तुटवडा फारसा नसतो. तिच्यावर किती विसंबावे, हे शिकवणे मात्र राहून जाते.

क्षेत्राधारित अध्यापनात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे काम उल्लेखनीय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांच्या पाणीयोजनांचा अभ्यास केला. राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी पाण्याच्या ताळेबंदाचे प्रतिमानही याच संस्थेत तयार झाले.

अभ्यासक्षेत्र : खडवली

खडवली हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील टिटवाळा व वासिंद यांच्या दरम्यानचे स्थानक आहे. गाव भातसा नदीच्या काठी असून स्थान सुमारे १९° २१′ उत्तर अक्षांश व ७३° १३′ पूर्व रेखांश असे आहे. पावसाळ्यात नदीकाठी सहलीसाठी येणाऱ्यांची गर्दी आणि तेथील बुडण्याच्या दुर्घटना यांमुळे हे नाव दरवर्षी बातम्यांत येते. ४ ऑगस्ट २०१९ रोजी खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावात पुराने वेढलेल्या ५८ जणांना वायुदलाच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. पुराचे पाणी कोठवर येईल हा प्रश्न येथे पाठ्यपुस्तकी नाही. प्रगत विश्लेषणातील बहुतेक अडचणी या एका प्रश्नात भेटतात, म्हणून अध्यापनासाठी असा परिसर सोयीचा ठरतो.

पहिली अडचण प्रक्षेपणाची. अक्षांश-रेखांशांतील विदा तशीच वापरून नदीभोवती अंतरपट्टा काढला, तर तो चुकतो. कारण खडवलीच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमी, तर अक्षांशाचा सुमारे ११०.७ किमी भरतो. मोजमापापूर्वी विदा मीटरमधील प्रक्षेपणात आणावी लागते. या भागासाठी यूटीएम पद्धतीचा ४३ वा उत्तर विभाग लागू होतो. जुना स्थलदर्शक नकाशा (४७ ई/३) वापरल्यास आणखी एक दक्षता घ्यावी लागते. तो एव्हरेस्ट गोलाभावर आधारलेला असून उपग्रहीय विदा डब्ल्यूजीएस ८४ वर असते. रूपांतर न करता दोन्ही एकत्र ठेवल्यास नदी स्वतःच्या पात्राबाहेर वाहताना दिसते.

दुसरी अडचण उंचीची, आणि ती अधिक गंभीर आहे. विनामूल्य मिळणारी प्रचलित उंचीची विदा फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानाच्या रडार मोहिमेतून आलेली असून तिची चौकट सुमारे ३० मीटरची आहे. म्हणजे सुमारे नऊ गुंठे जमिनीला उंचीचा एकच आकडा. या मोहिमेचे उद्दिष्ट ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरांच्या आत राखण्याचे होते. प्रत्यक्षात सपाट भागात चूक पुष्कळ कमी निघाली. पण पुराचे पाणी काही मीटरच चढते, आणि घर बुडणार की वाचणार हे पुष्कळदा एका मीटरवर ठरते. शिवाय रडारने जमिनीऐवजी झाडांचे शेंडे व छपरेही मोजलेली असतात. नदीवरील पूल या विदेत बांधासारखा उभा राहतो आणि संगणक त्यामागे नसलेला तलाव तयार करतो. म्हणून प्रवाहाची दिशा काढण्यापूर्वी खोटे खड्डे भरणे आणि पुलाच्या जागी पात्र मोकळे करणे, या पायऱ्या विद्यार्थ्याकडून हाताने करवून घ्याव्या लागतात. त्या आज्ञावलीवर सोपवल्यास नकाशा देखणा मिळतो, पण काय घडले हे कळत नाही.

तिसरी अडचण पाण्याच्या स्रोताची. नदीच्या वरच्या अंगास शहापूर तालुक्यात मुंबईला पाणी पुरवणारे भातसा धरण आहे. खडवलीत पाऊस उघडलेला असतानाही धरणातील विसर्ग व वरच्या पाणलोटातील पाऊस यांमुळे पातळी वाढू शकते. ठरावीक उंचीखालचा सारा भाग निळा रंगवण्याच्या पद्धतीत पाणी कोठून, किती वेगाने व किती वेळाने येते, याचा विचारच नसतो. पहिला अंदाज म्हणून ती ठीक आहे. पूररेषा म्हणून नाही.

पूररेषेचाही अर्थ वर्गात नीट उलगडावा लागतो. राज्यात निळी पूररेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखतात. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध, तर दोहोंमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ असा पूर आज आला की पुढची ९९ वर्षे निश्चिंती, असा नाही. दरवर्षी त्याची शक्यता एक टक्का असते आणि ३० वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

यानंतरचा प्रश्न माणसांचा. पूरक्षेत्रात किती लोक राहतात हे काढण्यासाठी सहसा जनगणनेची गाववार लोकसंख्या गावाच्या बिंदूला जोडतात. परंतु जनगणना महसुली गावाचा एकत्रित आकडा देते. त्यातील पाडे व वाड्या स्वतंत्र दाखवल्या जात नाहीत. बिंदू गावठाणावर पडतो आणि गावठाण अनेकदा उंचवट्यावर असते. नदीकाठचा आदिवासी पाडा अशा नकाशात कोरडा राहतो, कारण त्याचे लोक कागदोपत्री गावठाणात राहत असतात. उपग्रहचित्रावरून घरे मोजून लोकसंख्या वाटून देणे हा यावरचा तांत्रिक उपाय होय. मात्र त्याची पडताळणी पायी फिरून, भिंतींवरील पाण्याच्या जुन्या खुणा हातातील जीपीएसने नोंदवून आणि जाणत्या माणसांना विचारूनच होते. अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीला मिळणारे गुण पाहता हा भाग दुय्यम समजला जातो असे दिसते, आणि ते योग्य नाही.

सीमा बदलल्या की आकडे बदलतात

क्षेत्रीय एककाची समस्या शिकवण्यास ठाणे जिल्ह्याइतके सुलभ उदाहरण विरळा. २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येसह हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जुन्या व नव्या ‘ठाणे’ची थेट तुलना करणारा तक्ता त्यामुळे निरर्थक ठरतो, तालुकावार आकडे घेऊन नव्या सीमेत बेरीज पुन्हा करावी लागते.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचे उदाहरण अधिक फसवे आहे. तिची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ११.९३ लाख, तर २०११ मध्ये सुमारे १२.४७ लाख नोंदली गेली. दहा वर्षांत जेमतेम साडेचार टक्के वाढ, ही गोष्ट त्या काळी लोकलने प्रवास केलेल्या कोणालाही पटणार नाही. कारण साधे आहे : २७ गावे २००२ मध्ये पालिकेतून वगळली गेली होती. २०१५ मध्ये ती पुन्हा समाविष्ट झाली. आकडे दोन्ही वेळी बरोबरच होते. बदलली होती ती सीमा. स्टॅन ओपनशॉ यांनी १९८४ मध्ये या समस्येचे जे सविस्तर विवेचन केले, ते अशा उदाहरणानंतर वाचल्यास चटकन समजते.

पर्जन्याचे अंतर्वेशन

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी, तर त्याच शहरातील कुलाबा येथे सुमारे ७३ मिमी पाऊस नोंदला गेला. केवळ ही दोन केंद्रे घेऊन अंतराच्या व्यस्त प्रमाणाची पद्धत लावली, तर मध्यबिंदूवर सुमारे ५०८ मिमी असे उत्तर येते. हा आकडा कोणत्याही पर्जन्यमापकाने दिलेला नसतो. तो पद्धतीने निर्माण केलेला असतो. दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या अभ्यासातून निघालेली आणि जॉर्ज माथेरॉन यांनी १९६० च्या दशकात सिद्धान्तरूप दिलेली क्रिगिंग पद्धत उत्तरासोबत अनिश्चिततेचा अंदाजही देते, हे तिचे बळ. परंतु केंद्रे विरळ असतील तर तीही हतबल होते. खडवलीच्या पूर्वेस सह्याद्रीकडे भूभाग उंचावत जातो आणि पाऊस उंचीनुसार बदलतो. म्हणून केवळ अंतरावर आधारलेला पर्जन्यनकाशा येथे अपुरा पडतो.

लिपी व नावे

मराठी विदेच्या काही अडचणी परभाषिक पाठ्यपुस्तकांत आढळत नाहीत. एकाच गावाचे नाव रोमन लिपीत निरनिराळ्या खात्यांनी निरनिराळे लिहिलेले असते, त्यामुळे नावावरून तक्ते जोडल्यास गावे गळतात. जोडणी जनगणनेच्या संकेतांकावरून करावी. बहुप्रचलित शेपफाइल प्रकारात स्तंभाच्या नावाला केवळ १० बाइट मिळतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. परिणामी ‘लोकसंख्या’ हे नाव साधारणतः ‘लोक’ एवढेच उरते. जिओपॅकेज प्रकारात ही मर्यादा नाही.

मूल्यमापन

प्रगत पातळीवर केवळ अंतिम नकाशावर गुण देणे अपुरे मानले जाते. विद्यार्थ्याने विदेचा उगम व वर्ष, वापरलेले प्रक्षेपण, केलेल्या दुरुस्त्या आणि वगळलेली विदा यांची नोंदवही ठेवावी, तसेच तेच विश्लेषण वेगळ्या चौकटीने किंवा वेगळ्या सीमेने पुन्हा करून निष्कर्षातील फरक दाखवावा, अशी अपेक्षा असते. पूरविषयक अभ्यासात घरनिहाय नकाशा जाहीर करण्यास मर्यादा पाळाव्या लागतात. अशा नकाशामुळे जागेच्या किमतीवर व वास्तव्याच्या हक्कावर परिणाम होऊ शकतो. म्हणून विद्यार्थ्यांचे नकाशे पाडा किंवा वस्ती या पातळीवर एकत्रित करून आणि ‘अधिकृत पूररेषा नव्हे’ असा स्पष्ट उल्लेख करूनच ग्रामपंचायतीकडे देणे इष्ट ठरते.