टाळेबंदीचा ताळेबंद



साथीच्या काळात सरकारने लोकांवर किती बंधने घालावीत, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि त्याच वसंतात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीचे सोल्जर पुण्यातील घराघरांत शिरले. तोच कायदा महाराष्ट्र सरकारने २०२० च्या मार्चमध्ये कोविडसाठी पुन्हा हाती घेतला. या दोन अनुभवांवरून अशा उपायांचा जमाखर्च कसा मांडावा, ते पाहू.

पहिला प्रश्न असा, की उपाय रोगाच्या वाटेवर आहे काय? गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. १८९७ मध्ये ते ठाऊक नव्हते. माणसे छावणीत नेली. उंदीर मोकळेच राहिले. लाभ थोडा झाला, आणि घरातील अब्रूला धक्का लागला म्हणून लोक रोगी लपवू लागले. कोविड मात्र श्वासावाटे पसरतो. तेथे माणसांना दूर ठेवण्यास अर्थ होता.

दुसरा प्रश्न, खर्च कोणाच्या माथी? २४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि १२ वाजता देश बंद झाला. पगारदाराने घरी बसून काम केले. रोजंदारीवाल्याची चूल विझली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ, पायी गावी निघालेले आणि थकून रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. शहरांतील शाळा दीड वर्ष बंद राहिल्या. ज्या मुलाच्या घरी मोबाइल नव्हता, त्याचे नुकसान मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाही; पण ते खर्चाच्या बाजूस मांडलेच पाहिजे.

मग टाळेबंदी व्यर्थ होती काय? तसे म्हणता येणार नाही. टाळेबंदी म्हणजे सावकाराकडून मागून घेतलेली मुदत. तेवढ्या अवधीत खाटा, प्राणवायू, लस यांची तजवीज झाली तर ती कामी येते. न झाली तर नुसते व्याज चढते. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूसाठी झालेली धावपळ आपण पाहिलीच आहे.

कर्ज फिटते ते लशीने. तिलाही खर्च असतो. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने दगावली. कोविडच्या लशींनी संसर्ग पुरता थांबला नाही. गंभीर आजार आणि मृत्यू मात्र पुष्कळ घटले. कोविशील्डसारख्या लशीने क्वचित रक्ताच्या गाठी होतात, हेही आढळले. साठीच्या माणसासाठी तराजू स्पष्टपणे लशीकडे झुकतो. निरोगी तरुणाला रोगाचा धोकाच कमी. म्हणून ब्रिटनमध्ये एप्रिल २०२१ मध्ये ३० वर्षांखालील निरोगी लोकांना शक्य तेथे दुसरी लस देण्याचा सल्ला दिला गेला. याला तोलणे म्हणतात. धोका उघड सांगितल्याने लोकांचा विश्वास टिकतो, आणि विश्वासावाचून पुढल्या साथीत कोणी दंड पुढे करणार नाही.

मुदत कोणासाठी घेतली आणि व्याज कोणी भरले, हे दोन्ही रकाने भरल्यावाचून हा ताळेबंद पुरा होत नाही. ज्यांनी व्याज भरले, त्यांना शिधा, मजुरी आणि शाळा परत मिळवून देणे हाही साथीच्याच उपायांचा भाग होय.